दोन फुटी मरीन टँक पहिल्यांदाच करायचाय: पाणी, दगड, गारवा आणि मासे

नवखा_ठाणे

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळायची सवय आहे, खाऱ्या पाण्याची ही पहिलीच. टाकी बनवून घेतली आहे: २४ × १५ × १५ इंच, ८ मिमी काच, वरून उघडी. जागा हॉलमध्ये, सकाळी दोनेक तास ऊन येतं तिथे. हॉलला एसी नाही. घरात पिण्याचा आरओ आहे, त्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६० दाखवतो आणि नळाचा ८०.

दुकानदार म्हणाला, मीठ कालवा, दोन दिवसांनी तीन डॅमसेल (छोटे, काटक मासे) सोडा, ते जगले की आठवड्याने बाकीचे मासे आणा. मला हे घाईचं वाटतंय. म्हणून विचारतो:

१. वर्सोव्याहून किंवा अलिबागहून समुद्राचंच पाणी आणलं तर? नाहीतर मिठागराचं खडं मीठ चालेल का?
२. दगड आणि वाळू किती आणि कुठली?
३. सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू आधी वाढवणं, नक्की कशी करायची?
४. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लागेलच का?
५. मनात आहे ते असं: दोन क्लाऊन मासे, एक निळा टँग मासा, एक ॲनिमोन (समुद्रफूल), थोडं कोरल (प्रवाळ). जमेल?

शेवंड

तुमची शंका बरोबर आहे, घाई करू नका. दुसरी गोष्ट आधीच सांगतो. गोड्या पाण्यात लहान टाकी सोपी वाटते, खाऱ्या पाण्यात ती मोठीपेक्षा अवघड असते. तुमच्या टाकीत काचेची जाडी, वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा जाता हाती जेमतेम ६५ लिटर पाणी उरेल. एवढ्या पाण्यात कुठलीही चूक लगेच दिसते. त्यामुळे पहिले दोन महिने मासे विसरा आणि पाणी स्थिर ठेवायला शिका.

पाण्यापासून सुरुवात. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत सांडपाणी येतं, बोटींचं तेल असतं, पावसाळ्यात क्षारता खूप खाली जाते. अलिबागलाही किनाऱ्यालगतचं पाणी गाळाचं. खोल समुद्रातून स्वच्छ पाणी दर आठवड्याला आणायची सोय असेल तरच तो विचार करा, नाहीतर घरी कालवलेलं पाणी बरं. त्यात काय आहे हे निदान ठाऊक असतं.

खडं मीठ मात्र अजिबात नको. लोकांना वाटतं, ते समुद्रातूनच आलंय, म्हणजे परत पाण्यात टाकलं की समुद्र तयार. तसं होत नाही. मिठागरात पाणी आटत जाताना आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातात. हाती येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट नाही. मरीन टँकसाठी मिळणारं तयार मीठच घ्या.

आता तुमचा आरओ. आत ८० आणि बाहेर ६० येतंय, म्हणजे मेंब्रेन (आरओमधला गाळणारा पडदा) खराब असेलच असं नाही. बहुतेक घरगुती मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. वर मिनरलचं कार्ट्रिज असतं. पाण्याची नळी मेंब्रेनमधून बाहेर पडल्या पडल्या, या दोन्हींच्या आधी काढून घ्या. तिथे टीडीएस ५ ते १० मिळायला हवा. त्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार ओढून घेणारं) कार्ट्रिज लावा आणि मीटर शून्य दाखवेल तेच पाणी वापरा. उरलेल्या त्या थोड्या टीडीएसमध्ये सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट असतात आणि शेवाळाला तेच हवं असतं. रेझिन संपत आलं की मीटर १-२ दाखवू लागतो, तेव्हाच बदला. १० होईपर्यंत थांबू नका.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास नजरेतून सुटते: तांब्याची कळशी, पितळेची बादली, पितळी कॉक. यातून टँकचं पाणी नेऊ नका. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं आणि कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना अगदी थोडंसं तांबंही मारक असतं. खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लास्टिकची बादली या कामासाठी वेगळी ठेवा, तिला साबण लागू देऊ नका.

मीठ कालवणं: आधी पाणी, मग मीठ. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, की तळाशी क्षण दोन क्षण फार तीव्र द्रावण होतं, कॅल्शियम पांढऱ्या चुऱ्यासारखं खाली बसतं आणि ते पुन्हा विरघळत नाही. लिटरला साधारण ३७ ग्रॅम धरा, ६५ लिटरला २.४ किलो. बादलीत छोटा पंप सोडून २४ तास फिरू द्या. पाणी काचेसारखं स्वच्छ झालं पाहिजे. लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर नको, काट्याला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटरही आरओच्या पाण्यावर शून्याला लावून पुरत नाही, कारण आपल्याला खात्री हवी ती ३५ च्या जागी. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण विकत मिळतं. नाही मिळालं तर ९६.३५ ग्रॅम डीआय पाण्यात ३.६५ ग्रॅम कोरडं, शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवा. ते रिफ्रॅक्टोमीटरला ३५ च्या समुद्रासारखंच दिसतं. वजनकाटा मात्र ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. पंखा लावलेल्या उघड्या दोन फुटी टाकीतून दिवसाला दीड लिटर सहज जातं. चार दिवस पाहिलं नाही तर सहा लिटर कमी होतात आणि ३५ ची क्षारता साडेअडतीसच्या वर जाते. भरपाई नेहमी गोड्या डीआय पाण्याने करायची. खाऱ्या पाण्याने केली तर रोज पन्नासेक ग्रॅम मीठ आत जाईल आणि दहा दिवसांत तुम्ही ४३ वर असाल. काचेवर बारीक चिकटपट्टीने पातळीची खूण करा, रोज ठरल्या वेळी त्या खुणेपर्यंत पाणी. पैसे वाचवायचेच असतील तर दिव्यात वाचवा, ऑटो टॉप-ऑफमध्ये नको. पातळी बोटभर खाली गेली की तो पंप आपोआप गोडं पाणी सोडतो. या आकाराच्या टाकीत माशांचा जीव वाचवणारं यंत्र कुठलं, तर हे.

भरतीओहोटी

दगड-वाळू आणि सायकलबद्दल मी लिहिते.

आधी कायद्याचं, कारण नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या असं बरंच काही आहे. घराघरांत भिंतीवर 'इंद्रजाल' म्हणून लावतात तेही झाड नाही, प्रवाळच आहे. आपल्याच समुद्रातून काढून 'लाइव्ह रॉक' म्हणून विकलेला दगड बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा तुकडा असतो. मालवणच्या समुद्रात तर १९८७ पासून अभयारण्य आहे. तेव्हा दगड सिरॅमिकचा किंवा सिमेंट आणि ॲरॅगोनाइट (चुन्याचं एक खनिज) यांपासून बनवलेला घ्या. त्याचा दुसरा फायदा असा की दगडाच्या भोकांतून ब्रिसल वर्म, एप्टेशिया, खेकडे असले आगंतुक येत नाहीत. तोटा एकच: त्यात जिवाणू नसतात, ते तुम्हाला वाढवावे लागतात.

८ ते ९ किलो दगड पुरेल. वाळूआधी दगड थेट तळाच्या काचेवर ठेवा, मग भोवती वाळू पसरा. वाळूवर दगड ठेवला आणि गोबी माशाने खालून बीळ केलं तर दगड कलंडतो आणि काचेला तडा जातो. दगडाच्या टोकाखाली पातळ ॲक्रिलिकची चकती ठेवली की टेकण्याचा भार पसरतो. सांधायला जेलसारखा सायनोॲक्रिलेट गोंद, त्यावर इपॉक्सी पुट्टी. मागच्या काचेपासून निदान तीन बोटं जागा सोडा, चुंबकाचा पुसणा फिरला पाहिजे आणि दगडामागे पाणी साचून राहता कामा नये. भिंतीसारखी रास रचू नका. दोन लहान ढीग आणि मध्ये कमान, एवढंच करा.

कुणाचा वापरलेला दगड मिळाला तर तो उकळू नका, हे कळकळीने सांगते. त्यावर झोॲन्थिड (प्रवाळासारखे मऊ जीव) राहिलेले असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे त्यांचं विष हवेत येतं आणि घरातली माणसं दवाखान्यात जातात.

वाळू ॲरॅगोनाइटची, अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याची, ९-१० किलो. तेवढ्यात साधारण ३ सेंटीमीटरचा थर होतो. जास्त जाड नको, तळाशी घाण साठते. चौपाटीची वाळू नको. धुताना घमेल्यात थोडी थोडी घ्या, पाणी नितळ येईपर्यंत. शेवटचं खळबळणं डीआय पाण्याने. पाणी भरताना वाळूवर ताटली उपडी ठेवा आणि तिच्यावर धार सोडा, नाहीतर दोन दिवस टँक दुधासारखा राहील.

आता सायकल. माशाची शी आणि कुजलेलं खाणं यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. गोड्या पाण्यात हे तुम्हाला ठाऊक आहेच. फरक पीएचचा आहे. इथे पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच ७ च्या मानाने तिथे मुक्त, म्हणजे विषारी अमोनियाचं प्रमाण दहापटीहून जास्त होतं. गोड्या पाण्यात मासे ज्या आकड्यावर तग धरतात, तोच आकडा इथे त्यांचे कल्ले जाळतो. डॅमसेल सोडून सायकल करायची नाही ती यासाठी. शिवाय जगलेला डॅमसेल टाकी स्वतःची समजतो, नंतर आलेल्या क्लाऊनला टोचून टोचून बेजार करतो आणि तो पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

माशाशिवाय अमोनिया असा द्या. अमोनियम क्लोराइड घ्या. म्हणजे आपला नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. ६५ लिटरला ०.४ ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) येतो. त्याच दिवशी मरीन जिवाणूंची बाटली पूर्ण ओता. गोड्या पाण्याची बाटली इथे उपयोगाची नाही. दिवा बंद, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) चालू, तापमान २६ ते २८, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) असेल तर पहिले काही दिवस बंद.

दर दोन दिवसांनी अमोनिया मोजा. ०.५ च्या खाली आला की पुन्हा तेवढाच डोस. २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि मागोमाग नायट्राइटही शून्य दिसला, की सायकल झाली. तीन ते सहा आठवडे धरा. अमोनिया ४ च्या वर नेऊ नका, जास्त टाकलं म्हणून लवकर होत नाही. पुष्कळ जण बाजारातून आणलेली एखादी सोललेली कोळंबी टाकून कुजवतात. त्यानेही सायकल होते, पण किती अमोनिया निघेल यावर ताबा राहत नाही आणि फॉस्फेट उगाच वाढतं.

सायकल संपली की निम्मं पाणी बदला, नायट्रेट खाली येईल. मगच दिवा लावा.

नवखा_ठाणे

दोघांचे मनापासून आभार. आरओची नळी तपासली, खरंच टीडीएस कंट्रोलर आहे. मेंब्रेननंतर ७ येतोय. रेझिन मागवतो.

चिलरचं कुणी सांगाल का? आणि टाकी सागवानी कपाटावर ठेवतोय, खालच्या बंद कप्प्यात चिलर मावेल असं मोजून पाहिलंय.

निवटी

बंद कप्प्यात चिलर ठेवू नका. चिलर पाण्यातली उष्णता काढून हवेत टाकतो. तीच गरम हवा कप्प्यात कोंडली की तो तासन्‌तास चालू राहतो, बिल वाढतं, कॉम्प्रेसर लवकर जातो आणि पाणी मात्र गार होत नाही. ठेवायचाच तर कप्पा मागून-पुढून उघडा करा.

लागेल का, हे हवेवर आहे. टाकी २५ ते २६.५ अंशांवर हवी, २८ पर्यंत मासे सोसतात, ३० च्या वर रोज जात असेल तर नाही. कारण नुसती उष्णता नाही, ऑक्सिजन. ३५ पीपीटीच्या खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, ३० ला ६.२. गोड्या पाण्यात २५ ला सव्वाआठच्या आसपास असतो. म्हणजे सुरुवातच कमीवर, त्यात गरम पाण्यात माशाची गरज वाढलेली. पहाटे मासा पृष्ठभागाशी येऊन भराभरा कल्ले हलवताना दिसला तर आधी थर्मामीटर बघा.

पंख्याने किती फरक पडतो? एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडलेला छोटा पंखाही चांगलं काम करतो. पण पाणी उडायला हवा कोरडी हवी. पुण्यात, नाशकात उन्हाळ्यात पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. ठाण्यात मे महिन्याच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात एखादा अंश उतरला तरी पुष्कळ. हॉलला एसी नाही, त्यामुळे तुम्हाला चिलर लागेल असंच धरून चला, ६५ लिटरला १/१० अश्वशक्तीचा पुरतो. दुसरा मार्ग म्हणजे टाकीच एसी चालणाऱ्या खोलीत नेणं. रात्री २४ आणि दुपारी ३१ असा झोका बसत असेल तर मात्र तोही उपाय नाही. माशांना कायमचं २७ चालेल, रोजचा सात अंशांचा चढउतार चालणार नाही.

जागाही बदला. सकाळचं दोन तास ऊन म्हणजे दोन अंश आणि हिरव्या काचा.

वजन साधारण १०५ किलो होईल: पाणी ६७, वाळू १०, दगड ९, काच २०. सागवानी कपाट पेलेल, पण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळून मीठ कडेने चढत जातं आणि पॉलिश उकलतं. प्लायवूड-एमडीएफचं असेल तर नकोच, फुगतं. कडप्प्याचा ओटा किंवा मरीन प्लायचं स्टँड उत्तम. टाकीखाली पूर्ण मापाची फोमची शीट, स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांनी समतल. लोखंडी स्टँडला गंज दिसला की वेल्डिंग तपासा.

वीज. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. टाकीच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या. प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर, टाकीच्या बाजूला. हात घालण्याआधी हीटर आणि पंपांचे बटण बंद.

वेव्हमेकर: पाण्याच्या वीसपट धरा, म्हणजे तासाला १,३०० लिटर. एकच मोठा घेण्यापेक्षा दोन लहान समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा. एक थोडा वर तोंड करून, पृष्ठभाग सतत थरथरत राहिला पाहिजे. हवा-पाण्याची देवाणघेवाण तिथेच होते. तेलकट साय दिसली तर प्रवाह कमी पडतोय. यातला एक इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आठ-दहा वॉटचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. वीज गेल्यावर माशांना सगळ्यात आधी प्रवाह लागतो, दिवा नाही आणि फिल्टरही नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

झाकणाला काच नको, उष्णता कोंडते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची पांढरी जाळी ताणून बसवा. गोबी आणि क्लाऊन दोन्ही उडी मारतात, तीही रात्री, आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात.

मच्छर मारायचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, भिंतीचा रंग: यातलं काही करायचं असेल तर एअर पंप त्या खोलीत चालू ठेवू नका, टाकीवर ओली चादर टाका.

शेवंड

आता तुमच्या माशांच्या यादीकडे.

निळा टँग काढून टाका. तो जवळपास ३० सेंटीमीटर होतो, सहा फुटी टाकीचा मासा आहे. दुकानात दोन इंचाचा दिसतो म्हणून फसायला होतं. ॲनिमोनही पहिलं वर्ष नको. त्याला जोरकस प्रकाश आणि मुरलेलं पाणी लागतं, जागा आवडली नाही तर तो चालायला लागतो आणि वेव्हमेकरच्या जाळीत ओढला जातो. मग एका रात्रीत टाकीभर विष. क्लाऊनला ॲनिमोन नसला तरी काही बिघडत नाही.

६५ लिटरमध्ये तीन छोटे मासे, बस्स. दोन ऑसेलॅरिस क्लाऊन आणि एक पिवळा वॉचमन गोबी. क्लाऊन एक मोठा, एक लहान निवडा. हे मासे जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. दोघे सारख्याच आकाराचे आणि वाढलेले असतील तर हुकुमतीसाठी भांडतात. क्लाऊन टाकीत पैदा केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरलेलं नाही. पैदाशीचा मासा पहिल्या दिवसापासून गोळी खातो.

दुकानात मासा खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि दुकानाच्या पाण्याची क्षारता विचारा. पुष्कळ ठिकाणी मीठ आणि परजीवी दोन्ही कमी राहावेत म्हणून १.०१८ ते १.०२० ठेवतात. तिथून थेट तुमच्या १.०२५ मध्ये मासा टाकला तर अंगातलं पाणी ओढलं जातं. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी मासा जातो आणि आपण रोग झाला समजतो.

म्हणून क्वारंटाइन. ३०-४० लिटरची साधी टाकी, तळ उघडा, पीव्हीसीचे दोन एल्बो लपायला, स्पंज फिल्टर. त्याचा स्पंज आधी महिनाभर मुख्य टाकीत ठेवून जिवाणू बसवलेला हवा. त्याची क्षारता दुकानाएवढी करा, मासा सोडा, मग रोज ०.००१ ने वाढवत न्या. एकूण ३० दिवस.

काय शोधायचं: मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, हा मरीन इच. सोनेरी-करडी धूळ आणि भराभर श्वास, हा वेल्वेट, तो तासांत मारतो. क्लाऊनच्या अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटू लागले तर ब्रूकलिनेला. पहिल्या दोघांवर तांब्याचं औषध चालतं, ब्रूकलिनेलावर चालत नाही, तिथे फॉर्मेलिनचं लागतं. तांबं फक्त क्वारंटाइनमध्ये, मुख्य टाकीत कधीच नाही, दगड-वाळू ते शोषून ठेवतात. आयनिक आणि चिलेटेड तांब्याच्या मात्रा एकमेकींच्या कितीतरी पट वेगळ्या असतात, म्हणून बाटलीवर कुठलं आहे ते वाचा आणि तांब्याचं टेस्ट किट असल्याशिवाय हात लावू नका. इच मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस रिकामी ठेवावी लागते. त्यापेक्षा आधीचे ३० दिवस परवडले.

कोरलबद्दल वर कायदा आलाच आहे. विकणारा कागद दाखवत नसेल तर घेऊ नका. सहा महिने नुसते मासे, गोगलगायी आणि एखादी क्लीनर कोळंबी यात भरपूर आनंद आहे. फक्त माशांच्या टाकीला साधा २० वॉटचा एलईडी, दिवसाला आठ तास पुरतो.

खाणं दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) गाळणीत घेऊन डीआय पाण्याने धुवा, ते पाणी टाकीत नको. घरात आणलेल्या ताज्या कोळंबीचा तुकडा अगदी बारीक चिरून आठवड्यातून एकदा द्यायला हरकत नाही. सुका जवळा नको, भुगा होऊन दगडांत अडकतो. आठवड्याला ७ लिटर पाणी बदला, त्याला २६० ग्रॅम मीठ. नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान टाकीशी जुळवूनच ओता. फिल्टरचा स्पंज दर तीन-चार दिवसांनी धुवा. नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजते आणि नायट्रेट वाढत राहतं.

नवखा_ठाणे

तीन आठवडे झाले. टाकी आता कडप्प्यावर, उन्हाच्या बाहेर. चिलर उघड्यावर आहे, पाणी २६.५. अमोनिया टाकला की दुसऱ्या दिवशी ०.२५ दिसतो. नायट्राइट गडद जांभळा, ५ च्या वर. नायट्रेट तर १०० च्या पुढे! पाणी बदलू का? आणि वाळूवर तपकिरी मखमलीसारखा थर आलाय.

दुसरं, गणपतीला पाच दिवस गावी जायचंय. तोवर मासे आले असतील तर काय करू?

भरतीओहोटी

पाणी बदलू नका. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग दाखवतं. त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडा खोटा फुगतो. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेट मोजूच नका. आणि ५ च्या वर नायट्राइट पाहून घाबरूही नका, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही, इथे खरा शत्रू अमोनिया. आता नवसागर थांबवा. आठवडा-दहा दिवसांत नायट्राइट उतरेल. उतरला की एक शेवटचा डोस टाकून २४ तासांची परीक्षा घ्या.

अमोनियाचा ०.२५ मोजताना परीक्षानळी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. पिवळ्या दिव्याखाली पिवळाही हिरवट दिसतो. शंका असेल तर ताज्या कालवलेल्या पाण्याची चाचणी शेजारी ठेवून रंग जुळवा.

तपकिरी थर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. नव्या वाळूतलं आणि दगडातलं सिलिकेट खाऊन ते येतात, संपलं की जातात. दोन-चार आठवडे. औषध टाकू नका, दिवा बंद ठेवा. सायकल संपल्यावर तीन टर्बो गोगलगायी आणा, त्यांना मात्र थेंब थेंब पाणी देत तासभर जुळवून घ्या. लाल-जांभळी, बोटाने उचलली तर चादरीसारखी निघणारी साय आली तर ते सायनोबॅक्टेरिया. तिथे प्रवाह पोचत नाही असं समजून वेव्हमेकरची दिशा बदला आणि नळीने ओढून काढा.

निवटी

गणपतीचं. मासे क्वारंटाइनमध्ये असताना गावी जाऊ नका, तारखा मागेपुढे करा. मुख्य टाकीत आलेले असतील तर पाच दिवस अडचण नाही, धडधाकट क्लाऊन तीन-चार दिवस न खाताही व्यवस्थित राहतो. सुट्टीसाठी मिळणारे खाण्याचे ठोकळे टाकू नका, ६५ लिटरमध्ये ते कुजतात.

ऑटो टॉप-ऑफच्या डब्यात दिवसाला दीड लिटर धरून दहा लिटर डीआय पाणी भरा. जायच्या आधी चार दिवस तो तसाच चालवून बघा, सेन्सरवर मीठ किंवा गोगलगाय बसली की तो अडकतो. जायच्या आदल्या दिवशी नवीन काहीच करू नका: नवा मासा नको, मोठं पाणी बदलणं नको, फिल्टर उघडणं नको.

शेजाऱ्यांकडे किल्ली द्याल तेव्हा खाण्याचा डबा देऊ नका, ते प्रेमाने मूठभर टाकतात. दोनच कागदी पुड्या बांधा, प्रत्येकीत माशांच्या एका वेळेच्या गोळ्या, वर वार लिहा: एक दुसऱ्या दिवसाची, एक चौथ्या दिवसाची. काचेवर तापमानाशेजारी चिठ्ठी लावा: २८ च्या वर दिसलं तर फोन करा. टॉप-ऑफ बंद पडला तर म्हणून दीड दीड लिटरच्या पाच बाटल्या डीआय पाण्याच्या भरून ओट्यावर ठेवा, त्यांवर मार्करने 'गोडं पाणी, खुणेपर्यंतच' असं लिहा. आणि मीठ कालवलेली बादली त्यांच्या नजरेसमोर ठेवू नका, ती आतल्या खोलीत न्या.